बाबा, शनिवारी मी कुठे जातो ते सांगतो

शेपार्टन, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा तुम्ही विचारलंत की एवढ्या लांब चार पैसे मिळवायला गेलास आणि शनिवारचा ओव्हरटाइम सोडून दुकानाबाहेर कांदा परतत उभा राहतोस हे काय चाललंय. तेव्हा इथे रात्रीचे बारा वाजून गेले होते, सकाळची शिफ्ट होती, म्हणून मी नंतर सांगतो म्हणालो. पण तुम्हाला ते लागलं असणार हे मला कळलं, म्हणून आज सविस्तर लिहितोय. ताईला सांगितलंय प्रिंट काढून द्यायला, मोबाईलवर वाचत डोळे शिणवू नका.

मी इथल्या लायन्स क्लबचा मेंबर झालोय. तुमच्या डोक्यात लगेच सांगलीतला एखादा हॉल, सूट घातलेले डॉक्टर, वकील, शाल-श्रीफळ आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो असं येणार. तसं इथे नाही ओ. आमच्या क्लबात रिटायर्ड शेतकरी आहेत, एक ट्रक ड्रायव्हर आहे, शाळेत शिकवलेल्या दोन बाई आहेत, कॅनरीतून, म्हणजे फळं डब्यात भरायच्या कारखान्यातून, रिटायर झालेला एक जण आहे, आणि प्रेसिडेंट बाई स्वतः हॉस्पिटलात नर्स होत्या. पिवळं जॅकेट घालायचं आणि कामाला लागायचं.

कांद्याचं सांगतो. इथे बनिंग्ज म्हणून हार्डवेअरची मोठमोठी दुकानं आहेत, रंग, खिळे, पाइप, कुंड्या सगळं तिथे मिळतं. शनिवार-रविवारी दुकानाच्या दारात मांडव असतो, शेगडी आणि गॅस दुकानाचा, आणि त्या दिवशी ज्या संस्थेचा नंबर असेल तिने सॉसेज, ब्रेड आणि कांदा आणून विकायचा, विक्रीचा पैसा सगळा त्या संस्थेचा. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये एक सॉसेज आणि कांदा, साडेतीन डॉलर. 2022 च्या आधी अडीच होते, तेव्हा एक डॉलर वाढला तर टीव्हीवर बातमी झाली होती, इतकं हे लोकांच्या जवळचं आहे. कांदा सॉसेजच्या खाली घालायचा हा नियम आहे, वर घातला की जमिनीवर पडतो आणि त्यावरून कोणी घसरायला नको म्हणून 2018 पासून तसं ठरवलंय. आणि आई, सॉसेज बीफचे असतात, मी त्यांना हात लावत नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं तर कोणी एक शब्द विचारला नाही, माझी ड्युटी कांद्यावर आणि गल्ल्यावर लावून मोकळे झाले.

आता पैशाचं, कारण बाबा तुम्ही आपल्या डिग्रजच्या गणपती मंडळाचा हिशोब इतकी वर्षं ठेवलात, तुम्हाला हे आवडेल. लायन्समध्ये दोन खाती वेगळी ठेवावी लागतात. लोकांकडून जमलेला पैसा एका खात्यात आणि मेंबरांची वर्गणी दुसऱ्या खात्यात. मीटिंगचं जेवण, टपाल, जॅकेट, जे काय क्लब चालवायला लागतं ते सगळं आमच्या वर्गणीतून, लोकांच्या पैशातला डॉलर त्याला लावायचा नाही. ट्रेझरर दर मीटिंगला दोन्ही खाती वाचून दाखवतात. तुम्ही गणपतीच्या वर्गणीतला चहा मंडळाच्या पोरांना पिऊ द्यायचा नाहीत, स्वतःच्या खिशातून पाजायचात, ते मला तिथे बसल्यावर दर वेळी आठवतं. मीटिंगमध्ये आणखी एक पद आहे, टेल ट्विस्टर, त्याचं काम मेंबरांना दंड करायचा. वाढदिवस झाला दंड, टीम हरली दंड, पेपरात नाव आलं दंड. सगळे हसत हसत नाणी टाकतात आणि दिवसभर राबून आलेली माणसं जरा मोकळी होतात.

मी यात आलो कसा ते तुम्हाला अर्धंच माहितीये. ऑक्टोबर 2022 मध्ये इथे गोलबर्न नदीला पूर आला, पाणी 12 मीटरच्या वर गेलं. आपल्याकडे कृष्णेला पाणी चढलं की जो तो विचारतो सांगलीच्या आयर्विन पुलाला किती फूट झालं, अगदी तसंच इथे लोक गोलबर्नची पातळी विचारत होते, आणि माझ्या डोळ्यापुढे 2019 चा ऑगस्ट, आयर्विन पूल 57 फुटाच्या वर आणि तुम्ही दोघं शाळेच्या वरच्या मजल्यावर. तेव्हा मी इथे बसून नुसता फोन लावत होतो, लागत नव्हता. तिकडे तुम्हाला कोणी भाकरी दिली, कोणी आईची बीपीची गोळी आणून दिली, सोलापूरकडून टेम्पोच्या टेम्पो भाकरी-चटणी आली, त्या माणसांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. ते देणं माझ्या मनात होतंच. म्हणून इथे पाणी चढायला लागल्यावर वाळूच्या पिशव्या भरायला गेलो, तिथे ही पिवळ्या जॅकेटवाली मंडळी होती, एक आजोबा माझ्यासमोर पिशवी धरून उभे, वय ऐंशीच्या घरात, मी फावडं मारायचो ते पिशवी बांधायचे, असं दुपारपर्यंत चाललं. पाणी ओसरल्यावर तेच आजोबा गाळ काढायला पण. रॉचेस्टर म्हणून जवळच गाव आहे, तिथे तर जवळजवळ सगळं गाव पाण्यात गेलं होतं, गाद्या, फ्रिज, कपाटं घराबाहेर रस्त्याच्या कडेला ढीग लावलेले. बाबा, पुराचा वास सगळीकडे एकच असतो.

त्यानंतर आजोबांनी एकदा मीटिंगला जेवायला बोलावलं आणि मी जायला लागलो.

क्लबचं सगळ्यात मला आवडणारं काम म्हणजे चारा. लायन्सचा नीड फॉर फीड म्हणून प्रोजेक्ट आहे, मेलबर्नजवळ पाकनहॅममधून सुरू झालेला. दुष्काळ पडला, वणव्यात कुरणं जळाली, पूर आला, की ज्या भागात गवत बरं आहे तिथले शेतकरी गवताच्या गाठी फुकट देतात, ट्रकवाले ट्रक देतात आणि ड्रायव्हर स्वतः चालवत जातात, डिझेलचे पैसे क्लब जमवतात. 2019-20 ला इथे जो भयंकर वणवा पेटला तेव्हाही असा चारा गेला. आपल्याकडे आटपाडी-जतला दुष्काळात छावणी लागते तेव्हा लोक जनावरं घेऊन छावणीत येऊन राहतात, इथे उलटं, जनावरं जागेवर आणि चारा शेकडो किलोमीटर चालत त्यांच्याकडे. आमच्या भागातून एकदा गाठी भरायला मी गेलो होतो. मोठ्या गोल गाठी लोडरने चढवतात पण छोट्या हाताने, हाताला ओरखडे पडतात, घाम, धूळ, सगळं अगदी आपल्या वैरणीसारखं. ड्रायव्हर सांगत होता की पोचल्यावर शेतकरी बोलत नाही, नुसता हात धरून उभा राहतो. एप्रिल 2016 ला मिरजेतून लातूरला रेल्वेने पाणी गेलं तेव्हा तुम्ही स्टेशनवर बघायला गेला होतात ना, मी ते आजोबांना सांगितलं, त्यांनी दोनदा विचारलं की खरंच पाण्याची रेल्वे?

चष्म्यांचं पण काम चालतं. लोकांचे जुने चष्मे गोळा करायचे, दुकानात, लायब्ररीत पेट्या ठेवल्यात, त्या रिकाम्या करून खोक्यात भरून क्वीन्सलंडला पाठवायचे. तिथे ते साफ करतात, नंबर मोजून लेबल लावतात आणि गरीब देशांत पाठवतात. डोळ्यांचं काम लायन्सकडे कसं आलं ते पण प्रेसिडेंट बाईंनी सांगितलं. क्लब 1917 ला शिकागोतल्या मेल्विन जोन्स नावाच्या विमावाल्याने सुरू केले, आणि 1925 मध्ये हेलन केलर, म्हणजे ज्यांना दिसत आणि ऐकू येत नव्हतं त्या, ओहायोला लायन्सच्या अधिवेशनात येऊन बोलल्या आणि अंधांसाठी लढायची हाक दिली, ते लायन्सनी आजपर्यंत धरून ठेवलंय. आपल्याकडे भारतात लायन्स 1956 ला मुंबईत आले. आई, तुझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लायन्सच्या कॅम्पातच झालं होतं ना? मी बाईंना तसं सांगितलं तर त्यांना इतका आनंद झाला की मीटिंगमध्ये सगळ्यांना उभं राहून सांगायला लावलं.

सध्या केकचा सीझन आहे. लायन्सचा ख्रिसमस केक इथे 1965 पासून विकतात, सुकामेव्याचा, जड, आणि टिकतो भरपूर. सुपरमार्केटच्या दारात टेबल टाकून बसायचं. सूनबाई पण येते, ती माझ्यापेक्षा जास्त विकते, कारण हॉस्पिटलात कामाला असल्यामुळे निम्मं गाव तिला ओळखतं. चिंगी सुट्टे पैसे मोजते.

आता खरं का जातो ते सांगतो. आमच्या क्लबात माझ्या वयाची माणसं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी आहेत, बाकी सगळे सत्तरीच्या पुढचे. कोणाचा गुडघा बदललाय, कोणाला पेसमेकर आहे, तरी सकाळी सहाला मांडव लावायला हजर. आणि दर वर्षी एक-दोन जण कमी होतात. आसपासचे काही क्लब माणसं नाहीत म्हणून बंद पडले. इथली तरुण पोरं मेलबर्नला जातात, आपल्या गावातली पुण्याला जातात तशी. मग गावात उरतं कोण, तर आम्ही, बाहेरून आलेले. पंजाबी, मल्याळी, अफगाण, फिलिपिनो, आफ्रिकेतून आलेले. फळबागा आम्ही तोडतो, दूध आम्ही काढतो, हॉस्पिटलात रात्रपाळी आम्ही करतो, मग गाव म्हणून जे काय करायचं असतं ते पण आम्हीच केलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मराठी लोक इथे मोजकेच, गणपतीला मेलबर्नला मंडळात जातो, ते हवंच, ते सोडणार नाही. पण पुरात मेलबर्नचं मंडळ शेपार्टनला पिशव्या भरायला लगेच पोचू शकत नाही, शेजारचाच पोचतो. मी दोन पंजाबी मित्रांना आणलंय क्लबात, एकाचा स्वतःचा ट्रक आहे, चाऱ्याला उपयोगी पडेल.

ओव्हरटाइमचं म्हणाल तर महिन्यातून एखादाच शनिवार जातो, घरखर्चाला आणि तुमच्याकडे पाठवायला कमी पडत नाही, काळजी करू नका.

मार्चमध्ये तुम्ही दोघं येताय तेव्हा एका मीटिंगला घेऊन जाणार आहे, पाहुणे चालतात. बाबा, ट्रेझररना मी तुमच्याबद्दल सांगून ठेवलंय, तुमच्या वहीत तुम्ही वर्गणी कशी मांडायचात ते त्यांना बघायचंय, ती लाल वही जमली तर बॅगेत टाका. आजोबांना पण भेटायचंय, त्यांच्या गायी आहेत अजून, तुम्ही दोघं भाषेशिवाय पण बोलाल.

आई, तुझ्याकडे एक काम. मार्चमध्येच क्लबचं फंडरेझर जेवण आहे आणि या वेळी आपलं जेवण ठेवायचं ठरलंय. मसालेभात, मठ्ठा आणि बटाट्याची भाजी, दीडशे माणसं धरून. कौन्सिलचं परमिट, हॉलचं किचन ते सगळं क्लब बघतोय. पंगतीचं प्रमाण तुला पाठ आहे, तांदूळ किती, तेल किती, गोडा मसाला किती, ते ताईला लिहून पाठवायला सांग. तिखट निम्मं धर.

चिंगीचा पापा. काकांना नमस्कार सांगा, बीपीची गोळी वेळेवर घ्या.

तुमचा,
बाळू