भिंतीपलीकडचा आवाज आणि कलम ८५

चि. अभय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू शेजारच्या घरातून रात्री येणाऱ्या, नवरा बायकोला मारत असल्याच्या आवाजाबद्दल सांगितलंस आणि पाठोपाठ म्हणालास, "पण आता ४९८ राहिलंच नाही ना, आई? नवा कायदा आलाय." गॅसवर दूध होतं म्हणून मी नुसतं हं केलं. मात्र ते डोक्यातून जाईना. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात क्लार्क म्हणून जन्म घालवल्यावर या विषयाचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

४९८-अ, म्हणजे नवऱ्याने वा सासरच्यांनी बाईचा छळ केला तर लागणारं कलम, गेलेलं नाही, त्याचा नंबर बदललाय. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात कलम ८५ मध्ये शिक्षा आहे आणि ८६ मध्ये क्रूरतेची व्याख्या. शिक्षा पूर्वीचीच, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. १९८३ साली घातलेले शब्द जवळजवळ तसेच उचलून ठेवलेत. हुंडाबळीचं ३०४-ब आता ८० झालं. पोटगीचं १२५ नव्या प्रक्रिया संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, १४४ झालं. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या छळाची तक्रार आज दिली तरी कलम जुनंच लागतं. त्यामुळे दोन्ही आकडे अजून बरीच वर्षं कोर्टात नांदणार.

"हुंडा मागितला नाही ना, मग कलम लागत नाही," हे वाक्य कोर्टाच्या व्हरांड्यात मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. ते चूक आहे. व्याख्येचे दोन भाग आहेत. बेकायदा मागणीसाठी छळ हा दुसरा. पहिल्यात मागणीचा शब्दही नाही. बाई आत्महत्येला प्रवृत्त होईल, किंवा तिच्या जिवाला, अवयवाला, शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा वा धोका होईल असं जाणूनबुजून केलेलं वर्तन, असा तो भाग आहे. अडचण "गंभीर" या शब्दापाशी येते. दारू पिऊन आठवड्याला दोन थपडा, एवढ्याने पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा एनसी लिहितात, म्हणजे अदखलपात्र. कागद हातात येतो आणि पुढे काही हलत नाही.

आता तुझा खरा प्रश्न, शेजारी म्हणून तुला काही करता येईल का. कलम ८५ ची तक्रार तू करू शकत नाहीस. पोलिसांनी थेट दखल घ्यायची तर माहिती त्या बाईने स्वतः द्यावी लागते, किंवा तिच्या रक्ताच्या, लग्नाच्या वा दत्तक नात्यातल्या माणसाने. शेजाऱ्याला तिथे जागा नाही. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात, ज्याला वकील नुसतं "डीव्ही" म्हणतात, कलम ४ मध्ये ती मुद्दाम ठेवली आहे. असं काही घडलंय, घडतंय किंवा घडू शकतं असं वाटण्याला कारण असलेला कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतो. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. "उगाच आपल्यावर शेकायचं" असं तू म्हणालास, त्यावर हे उत्तर. आणि मारहाण चालू असताना ११२ लावायला कुठलंही नातं लागत नाही.

या डीव्हीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नव्या कायद्यांच्या गडबडीत लोक तो विसरतात. १ जुलैच्या बदलात त्याला हात लागलेला नाही. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मार, लैंगिक छळ, घालूनपाडून बोलणं, पैसे अडवून धरणं, सगळं त्यात हिंसाचार म्हणून मोजतात. माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या बहुतेक बायकांना नवरा आत जायला नको होता. मार थांबावा, डोक्यावर छप्पर राहावं, पोरांची फी निघावी, एवढंच मागणं असे. हा कायदा तेच देतो: संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा आदेश, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा. घर सासूच्या नावावर आहे म्हणून सुनेला बाहेर काढता येतं, असं पूर्वी सर्रास सांगत. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक घर ठरू शकतं, म्हणजे सुनेला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, असं स्पष्ट केलं. प्रकरण दिवाणी वळणाचं असलं तरी संरक्षण आदेश मोडला की तो गुन्हा होतो, दखलपात्र आणि अजामीनपात्र. कायदा म्हणतो साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा. साठ दिवसांत संपलेलं एकही प्रकरण मला आठवत नाही, तेव्हा तिला खोटी आशा लावू नकोस. अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश मात्र लवकर मागता येतो.

नव्या प्रक्रियेत मला एक गोष्ट मनापासून आवडली. एक मुलगी माहेरी पळून आली होती, कानातून रक्त येत होतं. तिथल्या ठाण्यात सांगितलं, "घटना आमच्या हद्दीतली नाही, सासरच्या गावी जा." म्हणजे जिथून जीव वाचवून आली तिथेच. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती घ्यावीच लागेल. लोक याला झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन माहितीही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत तिला कळवायचं आहे. मात्र तीन ते सात वर्षांखालच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने, आधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभाही पोलिसांना मिळालीय. हे चौदा दिवस तिने कुठे काढायचे, याचं उत्तर त्या कलमात नाही.

तुझ्या मित्राची भीती मला माहीत आहे, "बायकोने केस लावली की डायरेक्ट अटक." तशी आपोआप अटक होत नाही. २०१४ पासून सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना आधी अटकेची गरज तपासायला सांगितलंय. एरवी नोटीस देतात, पूर्वी ४१-अ ची, आता ३५ ची. खोट्या तक्रारी मी पाहिल्या नाहीत असं नाही. खऱ्या तक्रारी ज्या कधी कोर्टापर्यंत आल्याच नाहीत, त्या मला दिसणार कशा?

आणि एक गोष्ट नव्या संहितेनेही तशीच ठेवली. बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याची जबरदस्ती आजही बलात्कार धरत नाहीत. मला ते पटलेलं नाही.

आधी तू नको जाऊस, सूनबाईला जाऊ दे. नवरा बाहेर असताना, काहीतरी निमित्त काढून. तिला विचारल्याशिवाय अधिकाऱ्याला कळवू नका, जिवाचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला सांगा, पण तिच्या मोबाइलमध्ये सेव्ह करू नका, नवरा फोन तपासत असेल. मेसेज, फोटो तिने पुसू नयेत. आधार, बँकेचं पुस्तक, पोरांचे दाखले, दवाखान्याची चिठ्ठी असं सगळं एका पिशवीत घालून आपल्याकडे ठेवायला सांगा. वकिलाचे पैसे कुठून आणू म्हणाली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्नाची अट नाही, वकील फुकट मिळतो.

ती पहिल्यांदा "काही नाही, पडले" असं म्हणेल. सूनबाईने हुज्जत घालू नये. पिशवी ठेवायला आपल्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा करून ठेवा.

तुझी,
आई