मिस्त्रीकाका, हिशोबात न आलेल्या कामाबद्दल आभार

दांडिया बाजार, बडोदे

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या इमारतीचं फरशीचं काम पुरं झालं. मजुरीचा हिशोब चुकता झाला, पण टाइल निवडताना तुम्ही जे शिकवलंत ते त्या हिशोबात कुठेच नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं, कारण बडोद्यात दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी घराचं काम काढतंच.

दुकानात सगळे टाइलचा रंग बघतात. तुम्ही ती उलटी केलीत आणि पाठीवर पाण्याचा थेंब सोडलात. भिंतीच्या सिरॅमिक टाइलने तो बघता बघता पिऊन टाकला. व्हिट्रिफाइडवर, म्हणजे भाजून काचेसारख्या घट्ट झालेल्या टाइलवर, तो तसाच उभा राहिला. भिंतीची टाइल वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त पाणी शोषते, व्हिट्रिफाइड जेमतेम अर्धा टक्का. म्हणून पहिली स्वयंपाकघराच्या भिंतीला चांगली, पण जमिनीवर लावली की जड वस्तूखाली तडकते. आणि दुसरी पाणी पीत नाही म्हणूनच नुसत्या सिमेंटच्या रबडीला धरत नाही. वर्षा-दोन वर्षांत पोकळ वाजू लागते. तिला पॉलिमरचं अ‍ॅडहेसिव्हच (टाइल चिकटवायचा मसाला) हवं, तेही दातेरी थापीने ओढलेलं. बसवलेली एखादी टाइल लगेच उचलून पाठ पूर्ण माखली आहे का, हे तुम्ही मधूनमधून बघत होतात. ही सवय प्रत्येक कारागिराने लावून घ्यावी.

बाथरूमसाठी तुम्ही मोठी टाइल साफ नाकारलीत, ते योग्यच. मीटरला एक सेंटिमीटर ढाळ चारी बाजूंनी जाळीकडे न्यायचा, तर 300 बाय 300 मिलिमीटरचीच टाइल वळते. मोठी तिरकी कापावी लागते किंवा मध्ये पाणी साचतं. घसरण रोखण्याचा दर्जा (R चा आकडा जितका मोठा, तितकी टाइल कमी घसरडी) निदान R10, उघड्या जिन्याला आणि रॅम्पला R11. चकचकीत पॉलिश फक्त बैठकीत. पार्किंगला 12 मिलिमीटर जाडीची आणि आरपार एकाच रंगाची, म्हणजे कोपरा टिचला तरी डोळ्यांत भरत नाही. तिथे टाइलचा कोपरा पोकळीवर राहिला की गाडीचं चाक तो मोडणारच.

सर्वांत मोठे आभार गच्चीबद्दल. शोरूममध्ये आम्हाला गच्चीसाठी गडद रंगाची मोठी टाइल सुचवली होती. तुम्ही पांढऱ्या तुकड्यांच्या चायना मोझेकवर ठाम राहिलात. आपल्याकडे पारा 40 च्या वर जातो; पांढरा रंग ऊन परतवतो, आणि लहान तुकड्यांमध्ये सांधे पुष्कळ असल्याने उन्हातला फुगवटा सगळीकडे विभागला जातो. मोठ्या टाइल एकमेकींना घट्ट चिकटवून बसवल्या की त्या उन्हात मधोमध उचलतात. म्हणून तर घरातही तुम्ही दोन टाइलमध्ये फट राखणारे 2 मिलिमीटरचे स्पेसर लावलेत आणि भिंतीलगत 8 मिलिमीटर फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकलीत. गच्चीच्या कठड्याशी गोल वाटा (कोपरा गोलसर भरून घेणं) काढल्याशिवाय तुम्ही पुढे सरकला नाहीत. गळती बहुतेक वेळा त्याच कोपऱ्यातून सुरू होते.

खरेदीचा हिशोबही तुमचाच. 600 बाय 600 च्या चार नगांच्या खोक्यात साडेपंधरा चौरस फूट. 10 बाय 12 ची खोली म्हणजे 120, त्यात 10 टक्के तूट धरून 132, म्हणजे नऊ खोकी; तिरपी मांडणी असेल तर तूट 15 टक्के. मोरबीचा माल असो वा कुठलाही, सगळ्या खोक्यांवर बॅच आणि शेड नंबर एकच हवा, नाहीतर बसवल्यावर पट्टे दिसतात. ही खोकी उतरवून घेताना तुम्ही स्वतः एकेक नंबर वाचून पाहिलात, दुकानदार घाई करत असतानाही.

उरलेलं एक खोकं जिन्याखाली ठेवलं आहे, शेड नंबर वर खडूने लिहून. पुढे एखादी टाइल बदलायची वेळ आली, तर निरोप तुम्हालाच येईल.

आपले ऋणी,
दुरुस्ती समितीचे सभासद