जिन्यात रंग लावणाऱ्या दादांना आणि रिक्षावाल्या काकांना

दिवाळीची साफसफाई सुरू होती. बाथरूमच्या फरशीवर ब्लीचिंग पावडर भुरभुरलेली, सासूबाईंनी त्यावरच ॲसिड ओतलं. झाला क्लोरीन! डोळे चुरचुरले, ठसका काही थांबेना. जिन्यात रंग मारणारे दोघे ब्रश टाकून धावले आणि त्यांना थेट गच्चीवर घेऊन गेले. हा वायू हवेपेक्षा जड, खालीच साचतो. त्यांना हे कुठून ठाऊक, कोण जाणे. मी फडकं घेऊन आत शिरत होते, तर एकाने चक्क दरडावलं. बरंच केलं.

रिक्षावाल्या काकांनी दवाखान्यापर्यंतचं भाडं तर घेतलं नाहीच, वर राहिलेली चप्पल घरी आणून दिली. सासूबाई आता ठणठणीत आहेत. तुम्हा तिघांचे मनापासून आभार. दादा, दुसरा हात मारायला याल तेव्हा फराळाचा डबा न्यायचाय. चकल्या त्यांनीच तळल्यात.