उच्च शिक्षणावरच्या संशोधनालाही शाबासकी हवी

महोदय,

पीएचडी मिळाली की गावात फ्लेक्स लागतो, सत्कार होतो; प्रबंधात काय लिहिले आहे हे मात्र कोणी विचारत नाही. आपल्याच महाविद्यालयांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे फार खटकते. दिवाळीच्या सुमारास आई-बाप ऊसतोडीला गेले की बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडच्या मुलामुलींच्या हजेरीचे काय होते? एसटीची एकच फेरी असलेल्या गावातली मुलगी पदवी पूर्ण करते, की मध्येच तिचे लग्न ठरते? शिष्यवृत्ती उशिरा आली तर खोलीचे भाडे कोण भरते? हे प्रश्न इथेच राहून, घरोघरी जाऊन शोधावे लागतात. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले, १९५८ मध्ये तिथे विद्यापीठ आले, १९९४ मध्ये नांदेडला. या शिक्षणाने कोणाचे काय बदलले, याचा हिशेब आमची मुले मांडतात. मग तो प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो आणि तिथेच राहतो.

दोन्ही विद्यापीठांनी मिळून दरवर्षी उच्च शिक्षणावरील एका उत्कृष्ट प्रबंधाला आणि एका एमए किंवा एमएडच्या लघुप्रबंधाला पुरस्कार द्यावा. परीक्षक मराठवाड्याबाहेरचे असावेत. मार्गदर्शकाच्या वजनावर निवड होता कामा नये. रक्कम थोडी असली तरी चालेल. निष्कर्षांची सोप्या मराठीतली पुस्तिका मात्र प्रत्येक प्राचार्यांच्या हातात पडावी, आणि संशोधकाला विद्या परिषदेसमोर अर्धा तास बोलू द्यावे. येत्या दीक्षान्त समारंभापासूनच हे सुरू करावे, ही विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापक, अंबाजोगाई