लाकडी वाफा रंग लावून टिकत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी लाकडी गादीवाफे, म्हणजे फळ्यांच्या चौकटीत माती भरून केलेले उंच वाफे, करण्यावर लेख आला, भाजी घरी पिकवण्याबद्दल कुणी एवढी जागा देतंय याचा खरंच आनंद झाला, पण त्यात पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी तळव्याच्या) फळ्या आणा, आतून प्लास्टिक लावा, बाहेरून ऑइलपेंट मारा की वाफा तयार असं जे सांगितलंय ते वाचून लिहायलाच बसलो. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इथे असा वाफा दोन-तीन पावसाळे काढेल आणि मग फळीत बोट जाईल.

लाकूड कुजतं ते बुरशीने, आणि लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर सतत राहिला की बुरशीचं फावतं. वाफ्यात माती कायम ओली असते, ती ओल आतल्या बाजूने फळीत शिरते आणि बाहेर आपण रंगाचा जाड थर दिलेला असतो म्हणजे तिला बाहेर पडायला वाटच नाही. प्लास्टिक तळापर्यंत दुमडून घेतलं की अजून वाईट, कारण फळी आणि प्लास्टिकच्या मध्ये पाणी साचून राहतं. लावायचंच असेल तर फक्त बाजूंना लावा, वरच्या काठालाच ठोका आणि तळ पूर्ण उघडा ठेवा. बाहेरून रंगाऐवजी कच्चं जवसाचं तेल द्या, दरवर्षी पावसाआधी एक हात, फळीला वाळता येतं.

लाकूड निवडताना झाडाच्या नावापेक्षा गाभा, म्हणजे खोडाच्या मधला गडद भाग, बघा. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचे खुंट जमिनीत पुरून ते किती महिने टिकतात हे बघतात, 120 महिने किंवा जास्त टिकलं तर पहिला वर्ग, सागाचा गाभा त्यात येतो. पण त्याच सागाचा सालीलगतचा पांढरा भाग लगेच कुजतो, वाळवीही आधी तोच खाते, आणि वखारीत स्वस्तात मिळणाऱ्या सागाच्या फळ्यांना नेमकी हीच पांढरी कड असते. आंबा आणि सावर या कामाला घेऊच नका. मोडलेल्या घराचे जुने सागवानी वासे आणि तुळया मिळाल्या तर सोनं समजा, फक्त त्यांच्यावर जुना रंग असेल तर नको, कारण घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झालाय, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही आणि तो घासून काढताना उडणारी धूळ मुलांच्या पोटात जाते.

आता बांधणी. चौकट थेट जमिनीवर ठेवू नका, खाली चिऱ्याची एक रांग कोरडीच लावा, सिमेंट नको, म्हणजे सांध्यांतून पाणी निघून जातं, लाकूड जमिनीपासून सुटं राहतं आणि वाळवी चढलीच तर तिची मातीची नळी दगडावर डोळ्यांना दिसते, हाताने मोडून टाकता येते. कोपऱ्यातले खुंट जमिनीत पुरू नका, लाकडाचं कापलेलं टोक सगळ्यात जास्त पाणी पितं. फळी निदान दीड इंच जाड, सहा फूट लांबी असेल तर मध्ये एक खुंट आणि वरून आडवी पट्टी हवी नाहीतर ओल्या मातीने फळीला पोट येतं. लोखंडी खिळे गंजतात आणि सुटतात, स्टेनलेसचे स्क्रू महाग वाटले तरी तेच घ्या. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे.

गावाकडे कुंपणाच्या खांबांना जळकं ऑइल फासतात तेच वाफ्यालाही लावलेलं मी बघितलंय, कृपा करून हे करू नका, त्यातले जड धातू आणि कॅन्सरकारक घटक मातीत उतरतात. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरना क्रिओसोट, म्हणजे डांबरापासून काढलेलं विषारी तेल, पाजलेलं असतं, तेही भाजीजवळ नको. अमेरिकेत सीसीए, म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं औषध पाजलेलं लाकूड घरगुती वापरासाठी बनवणं 2003 च्या शेवटी थांबवलं, आपणही वखारीत लाकडाला काय पाजलंय ते विचारून घ्यावं.

शहरातल्या गच्चीवाल्यांसाठी एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती ती म्हणजे वजन. एक फूट खोल ओली माती चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास भरते आणि वापरातल्या गच्चीवर साधारण 150 किलो एवढाच भार धरलेला असतो. तिथे कोकोपीट आणि पालापाचोळ्याचं हलकं मिश्रण भरा, वाफे तुळईच्या रेषेवर ठेवा, आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, सोसायटीत भांडण होण्याआधी.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापताना एखाद्या जुन्या सुताराला आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या वनशास्त्राच्या मंडळींना विचारा, कोणतं स्थानिक लाकूड ओल्या मातीत किती टिकतं याचा साधा तक्ता त्यांच्याकडून घेऊन मे महिन्यात छापा, म्हणजे पावसाच्या आधी लोकांना लाकूड आणता येईल.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी