आधी शिंपीण, मग फोम

नौपाडा, ठाणे

प्रिय गौरी,

फोनवर तू कुजबुजतेस आणि मला निम्मं ऐकूच येत नाही, म्हणून सरळ लिहायला बसले. बहिणीच्या लग्नात काय घालू आणि ते पॅडवाले हिप-शेपर मागवू का, हे तुझे दोन प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर आधी देते. आत्ता मागवू नकोस. ते पैसे शिंपिणीला दे.

आपल्यासारख्या ट्रान्स बायकांची अडचण कमरेत कमी आणि खांद्यात जास्त असते. बायकांचे तयार कुर्ते छातीच्या मापावर विकतात, खांदा त्या हिशोबाने लहानच असतो. एल घेतला तर मुंढ्यात ओढतो. डबल एक्सएल घेतला तर खांदा बसतो, पण खाली गोणपाट लटकतं. मग आपण आरशात बघून स्वतःलाच दोष देतो. अगं, मोठाच घे. खांद्याला बसेल तो घे आणि उरलेला आत घे. पुढे दोन टक्स, मागे दोन, बाजूच्या शिवणी थोड्या आत. एवढ्यावर कुर्ता ओळखू येत नाही.

टक्स कुठे येणार, ते मात्र तू सांगायचं. पॅण्ट घालून घालून आपल्याला कंबर बेंबीच्या खाली वाटते, खरी ती वर असते. सरळ उभी राहा, एका बाजूला वाक, अंगाला जिथे घडी पडते ती कंबर. तिथे नाडी बांधूनच माप द्यायला जा. सगळ्यात बारीक जागा दोन-तीन इंच वर गेली की खालचा भाग आपोआप लांब आणि भरलेला दिसतो. एक पैसा न घालवता मिळणारा कमरेखालचा पुठ्ठा हाच.

आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एक काकू आहेत. मी गेले तेव्हा त्यांनी विचारलं, माप कोणाचं? माझंच, म्हटलं. त्यांनी चष्मा सारखा केला, टेप काढली आणि म्हणाल्या, "हात जरा वर घे." संपलं. राम मारुती रोडवरच्या एका चकचकीत दुकानात 'तुमच्या मिसेसचा साइझ काय' असं ऐकून आलेली मी, काकूंच्या त्या चार शब्दांवर फिदा झाले. त्यांचा सल्लाही ऐक. बाहीची शिवण खांद्याच्या टोकावर न ठेवता अर्धा इंच आत घ्यायची, म्हणजे खांदा तिथेच संपल्यासारखा दिसतो. बाहीला वर चुण्या नकोत, फुगा तर नकोच नको. गळा व्ही किंवा खोल पानाचा. बोटनेक कितीही आवडला तरी तो आडवी रेघ मारतो. आणि शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, ठेवायला सांग, अंग बदलतं.

ते कसं बदलेल हे मला कळलंय, कारण डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. हार्मोन्स सुरू झाले की चरबी हळूहळू पुठ्ठ्यांकडे सरकते, पण पूर्ण फरक दिसायला दोन ते पाच वर्षं लागतात. खांद्याची हाडं त्याने बदलत नाहीत. तुझं लग्नाचं घर तेवढं थांबणार नाही, तेव्हा साडीकडे येऊ.

साडीत बहुतेक जणी उलटं करतात. तो घट्ट फिशटेल परकर ज्यांना पुठ्ठे आहेत त्यांच्यासाठी, आपल्याला तो काठीसारखा सरळ करून सोडतो. तू जुना, भरपूर चुण्यांचा सुती परकर घे. त्यावर खळ दिलेली सुती साडी नाहीतर जरा जाड सिल्क. कापड उभं राहतं, निऱ्या फुलतात, घेर तयार होतो. जॉर्जेट आणि शिफॉन अंगाला चिकटतात, पुढच्या वर्षी बघू. पदर खांद्याच्या टोकाशी नको, गळ्याकडे थोडा आत पिन कर. ती तिरपी रेघ खांदा तोडते. नऊवारी तर याहून उदार, पण वऱ्हाडात दिवसभर काष्टा सांभाळणं तुला झेपणार नाही, चालताना तू आत्ताच अडखळतेस!

आणि कोणी खोटेपणा म्हणालं तर बालगंधर्व आठव. त्यांच्या साड्या आणि दागिने बघून घराघरातल्या बायका तसं नेसायला लागल्या होत्या. तिकडे पॅरिसात 1947 मध्ये क्रिस्तियान दिऑरने कंबर आवळलेलं जाकीट काढलं, त्याच्या पुठ्ठ्यावर आतून भरण घातलेली होती. तीही बायकांसाठीच.

पुठ्ठ्यांसाठी फोम लागलाच तर गादीवाल्याकडून इंचभर जाडीचा घे. हाताच्या पंजाएवढे लांबट तुकडे काप आणि कडा कात्रीने उतरत्या कर. कडा ठोकळ राहिली की लेगिंगमधून लगेच चुगली करते. जागा कमरेच्या हाडावर नाही, खाली, मांडीचं हाड बाजूला हाताला लागतं तिथे. दोन सायकलिंग शॉर्ट्सच्या मध्ये बसव. ऑक्टोबरात लोकलच्या गर्दीत मात्र तो घामाने ओला होतो आणि सरकतो. ऑफिसच्या दिवशी मी घेरदार कुर्ता आणि पटियाला घालते, विषय मिटतो.

छातीसाठी सिलिकॉन महाग आणि उकाड्यात जड. मोज्यात बाजरी भरून वजन छान येतं, पण पावसाळ्यात ओलसर राहिली तर मोड येतील, हसू नकोस. ब्राचे पट्टे थोडे सैल ठेव, खांदा आणि कोपर यांच्या साधारण मध्यावर उंची आली पाहिजे. वर चढली की लगेच बनावट वाटतं. आणि कंबरपट्टा आवळून स्टेशनचा जिना चढताना श्वास लागला तर तिथल्या तिथे सैल कर.

तुझ्या घरी काकांना कसं सांगायचं ते तुझं तू बघ, मी मध्ये पडत नाही. लग्नाच्या निदान महिनाभर आधी ये. दादरला हिंदमातेला साडी बघू, बाकीचं इथे गावदेवीला मिळेल. काकू रविवारी शिवण घेत नाहीत, शनिवारीच पोच. ब्लाउजपीस सुती असेल तर धुऊन आण, आटतं ते.

तुझी,
मुक्ता