उड्डाण रद्द झाले, ते योग्यच झाले

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत आर्क्टिकमध्ये जाणाऱ्या शास्त्रज्ञांच्या बातम्या मी आवर्जून वाचतो. 'खराब हवामानामुळे विमान रद्द झाले आणि पथक अडकून पडले' अशा आशयाचे वाक्य या बातम्यांत अनेकदा येते. ते वाचून कोणाच्या डोळ्यांपुढे हिमवादळ उभे राहते, तर कोणाला व्यवस्थेत कुठेतरी ढिलाई झाली असे वाटते. विमानतळावरच्या हवामान कार्यालयात नोकरीची बरीच वर्षे काढलेली असल्याने या दोन्ही समजुती मला अस्वस्थ करतात.

आपले 'हिमाद्री' हे केंद्र 2008 पासून आर्क्टिकमधील नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील नी-ऑलेसुंड या वस्तीत, 79 अंश उत्तर अक्षांशाच्या अगदी जवळ आहे. स्वालबार्डचे मुख्य गाव असलेल्या लाँगइयरब्येनहून तेथे छोट्या विमानाने जाण्यास अर्धा तासही लागत नाही. या मार्गावर अनेक वर्षे डॉर्नियर 228 जातीची विमाने उडत आली असून त्याच जातीची विमाने आपल्याकडे कानपूरला तयार होतात आणि आपले तटरक्षक दल ती वापरते. म्हणजे विमान आपल्या परिचयाचे आहे, अपरिचित आहे ती जागा. धावपट्टी खडीची आणि जेमतेम 800 मीटरची, एका बाजूला फ्योर्डचे (डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीचे) पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि फ्योर्डच्या टोकाशी हिमनद्या आहेत. हिमनद्यांवरून घसरत येणारा थंड, जड वारा या अरुंद दरीतून वाहतो, त्यामुळे दूरच्या खुल्या समुद्रावरच्या वाऱ्यावरून धावपट्टीवरचा वारा ओळखता येत नाही.

परंतु मला मुख्यतः सांगायचे आहे ते उन्हाळ्याविषयी. जुलै-ऑगस्टमध्ये तेथे चोवीस तास उजेड असतो, तापमान शून्याच्या वर असते आणि आपल्याला वाटते की हाच उड्डाणाचा सुखाचा काळ. याच दिवसांत दक्षिणेकडून येणारी दमट हवा थंडगार समुद्रावरून सरकताना खालून निवते आणि धुके किंवा अगदी खालच्या पातळीवरचा सपाट ढग तयार होतो. वारा नाही, पाऊस नाही, वरून सूर्य तळपतो आहे आणि तरीही दोन-तीनशे फुटांवरून खालचे काहीच दिसत नाही. हवामानाच्या या शांत रूपालाच मी अधिक भितो.

29 ऑगस्ट 1996 रोजी लाँगइयरब्येनला उतरू पाहणारे मॉस्कोहून आलेले टीयू-154 विमान ढगांत आपल्या मार्गापासून बाजूला गेले आणि ओपेराफ्येल या डोंगरावर आदळले. खाणकामगार आणि त्यांचे कुटुंबीय धरून 141 जण गेले, एकही वाचला नाही. 20 ऑगस्ट 2011 रोजी कॅनडाच्या रेझोल्यूट बे येथे बोइंग 737 विमान धावपट्टीच्या पूर्वेकडच्या टेकडीवर आदळले आणि 15 पैकी 12 जण मृत्युमुखी पडले. उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या परिसरात होकायंत्रावर विसंबता येत नाही, म्हणून तेथे दिशा खऱ्या, म्हणजे भौगोलिक, उत्तरेवरून मोजतात. त्या दिवशी विमानातील दिशादर्शनातच चूक होती आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत ती सुमारे 17 अंशांवर गेली होती. परत वर चढण्याचा निर्णयही उशिरा झाला, असे 2014 च्या चौकशी अहवालात नमूद आहे. दोन्ही अपघात ऑगस्टमधले आहेत, हे मला विसरता येत नाही. चूक माणसांची आणि उपकरणांची होती हे खरे, पण खालची जमीन वेळीच दिसली असती तर ती चूक सावरता आली असती.

हिवाळ्यातील अडचणी तुलनेने परिचित आहेत. एक मात्र फारशी सांगितली जात नाही: अतिथंड, दाट हवेत उंचीमापक प्रत्यक्षापेक्षा जास्त उंची दाखवतो. उणे 30 अंशांत काटा धावपट्टीपासून 1000 फूट दाखवत असला, तरी विमान प्रत्यक्षात सुमारे 800 फुटांवर असू शकते, आणि हा फरक वैमानिकाला हिशेबात धरावाच लागतो.

शिवाय पर्यायी विमानतळ दूर असतात. लाँगइयरब्येनला उतरता आले नाही, तर नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचे त्रोम्सो सुमारे साडेनऊशे किलोमीटरवर आहे. तेथवर परत जाण्याचे इंधन असेल तरच निघायचे, हा हिशेब धावपट्टी सोडण्यापूर्वीच पक्का करावा लागतो. त्यामुळे अशा ठिकाणी 'आज जायचे नाही' असे म्हणणाऱ्या निरीक्षकावर आणि वैमानिकावर प्रवाशांचा, कार्यालयांचा किंवा ठरलेल्या तारखेचा दाब येता कामा नये. पथकाचे चार दिवस वाया गेले, नमुने घेण्याची वेळ हुकली, तर हळहळ वाटणे स्वाभाविक आहे, मलाही वाटते. पण त्या चार दिवसांची नोंद अपयश म्हणून होऊ नये.

माझी विनंती छोटी आहे. आपण पावसाळ्यात रोज गावोगावचा पाऊस मिलिमीटरमध्ये छापता. तसेच 'हिमाद्री'ला जाणारे विमान पुढे कधी थांबले, तर त्या वेळी ढग किती फुटांवर होता, दृश्यमानता किती होती आणि वारा कोणत्या दिशेने किती वेगाचा होता, एवढी एक ओळ बातमीत द्यावी. विमानतळांची हवामान निरीक्षणे ठराविक वेळाने प्रसृत होत असतात, त्यामुळे ती मिळवणे अवघड जाऊ नये.

आपला नम्र,
एक निवृत्त हवामान निरीक्षक, पुणे